झाड आपलं वाढीचं संप्रेरक कसं आवरतं? जीए, टू-फोर-डी आणि आपल्या सोलापूरच्या बागा

पेशी_आणि_पान (सोलापूर)

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात वनस्पतिशास्त्र शिकवते. नान्नजजवळ घरची द्राक्षबाग आहे, ती भाऊ बघतो. गोडी छाटणी (ऑक्टोबरातली, फळ धरायची) झाली की घरात, एसटीत, कृषी केंद्राच्या बाकावर एकच विषय चालतो: जीए, म्हणजे जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक, किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग), कितव्या दिवशी, किती वेळा. पण तेच जीए झाड स्वतःच्या पेशीत कसं बनवतं, आणि जास्त झालं तर त्याचं काय करतं, यावर बोलणं होत नाही. ते कळलं की डब्यातल्या पावडरीकडे बघायची नजर बदलते, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा धागा.

आधी कारखाना कुठं आहे ते बघू. जिबरेलिनची सुरुवात पेशीतल्या प्लास्टिडमध्ये होते, म्हणजे हरितलवक ज्या कुळातलं आहे त्याच कुळातल्या कप्प्यांत. तिथं दोन एन्झाइम एका लांब कार्बन साखळीला वळवून 'कौरीन' नावाचा पदार्थ बनवतात. कौरीन प्लास्टिडच्या पापुद्र्यावर येतं, तिथून पेशीतल्या जाळीदार पटलावर जातं आणि त्याचं जीए-१२ होतं. शेवटचं काम पेशीद्रवात चालतं. तिथं २०-ऑक्सिडेज आणि ३-ऑक्सिडेज ही दोन एन्झाइम त्यातून चालू, म्हणजे खरोखर वाढ घडवणारं जिबरेलिन तयार करतात. आजवर १३० हून जास्त प्रकारची जिबरेलिनं सापडली आहेत, पण काम करणारी मोजकीच: जीए-१, जीए-३, जीए-४, जीए-७. बाकीची एक तर वाटेतली कच्ची रूपं, नाही तर निकामी केलेली.

'निकामी केलेली' म्हणते, कारण पेशीत २-ऑक्सिडेज नावाचं आणखी एक एन्झाइम असतं. ते चालू जिबरेलिनला दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर एक ऑक्सिजनचा गट चिकटवतं. तेवढ्यानं तो रेणू ग्राहकाला, म्हणजे संप्रेरकाचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, ओळखू येईनासा होतो आणि त्याचं काम संपतं.

म्हणजे बनवणारे वेगळे, मोडणारे वेगळे. दोघांना हाकणारी प्रथिनं पेशीच्या केंद्रकात बसलेली असतात. त्यांना डेला म्हणतात. डेला वाढीचा ब्रेक आहे. जिबरेलिन आलं की ते जीआयडी-१ या ग्राहक प्रथिनाला जाऊन चिकटतं, ती जोडी डेलाला धरते, आणि पेशीची सफाई यंत्रणा डेलाचे तुकडे करून टाकते. ब्रेक सुटला, पेशी लांबली. हा ग्राहक २००५ साली जपानी संशोधकांनी भातात शोधला.

आता खरी गंमत पुढं आहे. डेला जसा वाढ रोखतो, तसाच तो जिबरेलिन बनवणाऱ्या एन्झाइमांची जनुकं चालूही करतो. जिबरेलिन कमी असलं की डेला साठतो आणि कारखान्याला 'चालू कर' सांगतो. जिबरेलिन वाढलं की डेला मोडतो, कारखाना मंदावतो, आणि त्याच वेळी मोडणाऱ्या २-ऑक्सिडेजची जनुकं जोरात चालतात. उजनी धरणाची पातळी जशी नुसत्या येव्यावरून कळत नाही, विसर्ग किती सोडलाय तेही विचारावं लागतं, तसंच पेशीतल्या संप्रेरकाचं आहे. पिढ्यान्पिढ्या आपण बोलत आलो ते फक्त येव्याबद्दल.

आणि म्हणूनच बाजारातलं जीए इतकं जोरदार चालतं. डब्यातलं जीए-३ हे बुरशी वाढवून काढतात. जपानमध्ये भाताची रोपं भलतीच उंच होऊन आडवी पडायची, त्या रोगाच्या बुरशीपासून. १९२६ साली कुरोसावा यांनी दाखवलं की बुरशीतून निघणारा पदार्थच रोपं उंच करतो. या जीए-३ च्या रेणूत पहिल्या आणि दुसऱ्या कार्बनच्या मध्ये दुहेरी बंध आहे. नेमक्या त्याच जागी २-ऑक्सिडेजला काम करायचं असतं, आणि त्या बंधामुळं ते करता येत नाही. म्हणजे आपण जे वरून देतो, ते झाडाला त्याच्या नेहमीच्या वाटेनं मोडताच येत नाही. एक ग्रॅम जीए शंभर लिटर पाण्यात टाकलं की १० पीपीएम होतं. एवढ्याशानं घड लांबतो, याचं मोठं कारण हे.

ऑक्सिन हे झाडाचं वाढीचं आणखी एक संप्रेरक. त्याचं असंच, पण वेगळ्या तऱ्हेचं नियंत्रण आहे. त्यावर प्रतिसादांत बोलू.

---

कासेगावचा_बागाईतदार

ताई, फार चांगलं लिहिलंय. दोनदा वाचलं.

माझा प्रश्न खरड छाटणीचा. एप्रिलमध्ये छाटून नवी फूट आली की आमच्याकडं सीसीसी (वाढ रोखणारं रसायन) मारायची पद्धत होती. वाढ थांबते, काडीत घड चांगले बसतात असं म्हणायचे. २०१० ला युरोपात आपल्या द्राक्षात सीसीसीचे अंश सापडले, निर्यातीचे कंटेनर अडकले, तेव्हापासून निर्यातीच्या बागेत लोक त्याला हात लावायला भितात. पण ते काम करायचं हे आम्ही डोळ्यानं बघितलंय. ते या तुमच्या कारखान्यात कुठं बसतं?

दुसरं म्हणजे ज्या वर्षी बाग फार जोमात जाते, नत्र जास्त होतं, त्याच्या पुढच्या ऑक्टोबरला घड जिरतात. डोळा (काडीवरची कळी) फुटतो, घड दिसतो दिसतो म्हणेपर्यंत त्याची बाळी (आधाराला गुंडाळणारा तंतू) होते. हे का?

---

पेशी_आणि_पान (सोलापूर)

दादा, तुमचे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

सीसीसी प्लास्टिडमध्येच अडवतं. कौरीन बनवणारी जी पहिली पायरी आहे, तिथलं एन्झाइम ते बंद पाडतं. आंब्याला देतात ते पॅक्लोब्युट्राझोल त्याच्या पुढच्या पायरीवर, कौरीनचं ऑक्सिडीकरण थांबवतं. दोन्हींचा परिणाम एकच: कच्चा मालच पुढं सरकत नाही, पेशीतलं चालू जिबरेलिन उतरतं, डेला साठतो, पेरं आखूड राहतात.

आता घड आणि बाळी. द्राक्षवेलीत ही दोन्ही एकाच मूळ अंकुरातून होतात. डोळ्याच्या आत, उघड्या डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी, तो अंकुर ठरवतो की घड व्हायचं की बाळी. जिबरेलिन जास्त असलं तर तो बाळीकडं झुकतो, सायटोकायनिन या दुसऱ्या संप्रेरकाचं पारडं जड असलं तर घडाकडं. तुम्ही ज्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणता ती खरड छाटणीनंतरच्या काळात चालते. त्या वेळी नत्र आणि पाण्यानं शेंडा सुसाट निघाला, तर पानांमधलं जिबरेलिन चढं राहतं, आणि डोळ्यात घड कमी धरतो. ऑक्टोबरमध्ये जिरताना दिसतो तो घड बऱ्याचदा एप्रिल-मे-जूनमध्येच कमजोर झालेला असतो.

याचा फार देखणा पुरावा ऑस्ट्रेलियातून आला. 'पिनो म्यूनिए' नावाची द्राक्षाची जुनी जात आहे. तिच्या पानांवर लव असते. तिच्या फक्त वरच्या थरातल्या पेशींमध्ये डेलाच्या जनुकात एक बदल झालेला आहे. त्या बदलामुळं डेला जिबरेलिनला दाद देत नाही, ब्रेक लागलेलाच राहतो. संशोधकांनी त्या एकाच थरातून पूर्ण वेल वाढवली. ती बुटकी निघाली, आणि जिथं जिथं बाळी यायला हवी तिथं घड आले. खालपासून शेंड्यापर्यंत. हे २००२ साली छापून आलं. मी वर्गात दरवर्षी हे सांगते आणि द्राक्षवाल्या घरातली मुलं त्या क्षणी सरसावून बसतात.

तेव्हा सीसीसी नको असेल, तरी त्या काळात शेंडा वेळेवर मारणं, नत्र आवरणं, पाण्याचा ताण नीट राखणं, सबकेन करणं (शेंडा खुडून बाजूच्या फुटीची काडी करणं), ही सगळी कामं त्याच दिशेची आहेत.

---

कृषीसेवा_टेंभुर्णी

मॅडम, दुकानात बसून रोज जीए विकतो, तर एक भर घालतो. आपल्याकडच्या बोअरचं पाणी क्षारयुक्त, सामू (पीएच) आठच्या आसपास किंवा वरही. जीए अशा पाण्यात टिकत नाही. आधी पाण्याचा सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान आणायचा, मग अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं जीए टाकायचं. पुष्कळ लोक सकाळी द्रावण करून दुपारपर्यंत टाकीत ठेवतात आणि मग 'माल खोटा आहे' म्हणून भांडायला येतात. द्रावण केलं की वापरून मोकळं व्हायचं.

---

मणी_अठरा_एमएम

सगळं पटलं, पण व्यवहाराचं बोलतो. व्यापारी बागेत येतो, कॅलिपर काढतो, मणी मोजतो. सोनाका या द्राक्षाचा मणी जातीनंच लांब, तिथं निभावतं. थॉमसन या बिनबियांच्या जातीला डिपिंगशिवाय (घड जीएच्या द्रावणात बुडवल्याशिवाय) फुगवण येत नाही. झाड स्वतःचं आवरतं हे ठीक आहे, पण आम्ही कमी देऊन चालणार कसं?

---

पेशी_आणि_पान (सोलापूर)

भाऊ, थॉमसनला द्यावं लागतं याचं कारण त्याच्या बीमध्ये आहे. बियांच्या द्राक्षात मण्याला जिबरेलिन पुरवणारी मुख्य जागा म्हणजे वाढतं बी. थॉमसनमध्ये फलन होतं, बी धरतं, आणि लवकरच गर्भ मरतो. मणी चिरून बघा, मधे मऊसर पांढरट खूण सापडते, ती त्या बीची. पुरवठा करणारं बीच गेलं म्हणून मणी लहान राहतो. तुम्ही डिपिंगनं त्या बीचं काम करता. त्यामुळं 'देऊ नका' असं मी म्हणत नाही आणि म्हणणारही नाही.

माझं म्हणणं वेळेबद्दल आहे. पेशी लांबतात त्या ठरावीक दिवसांतच. मणी ३-४ मिलिमीटरचा असताना आणि पुन्हा ७ च्या आसपास असताना त्या ऐकतात. ती वेळ गेल्यावर दुप्पट दिलं तरी मणी फुगत नाही. पण जीए-३ झाडात राहतंच, कारण ते नेहमीच्या वाटेनं मोडलं जात नाही. मग साल जाड होणं, देठ ताठ आणि लाकडी होणं, आणि पुढच्या हंगामाच्या डोळ्यात घड कमी, हे मागून येतं. फवारा पानांवर आणि शेंड्यावर जाऊ न देता घडच बुडवायचा, हा जुन्या लोकांचा आग्रह याच कारणानं शहाणपणाचा आहे.

---

माढ्याची_काळी_माती

ताई, तुम्ही ऑक्सिनचं राहिलंय म्हणालात म्हणून लिहितो.

आमच्या बागेच्या पलीकडं उसाचं रान आहे. त्यात रुंद पानाच्या तणासाठी टू-फोर-डी मारलं. वारा आमच्याकडं होता. आठवडाभरात बांधाकडच्या ओळींची कोवळी पानं बिघडली. पान पंख्यासारखं झालं, देठाजवळची खाच उघडून रुंद झाली, कडेला करवतीसारखे दात, आणि शिरा सगळ्या जवळजवळ, जाड, पांढरट. हाताला पान चामड्यासारखं लागतं. जुन्या पानांना काही नाही. ऊस मात्र मजेत. ऊस पण झाडच की. त्याला का होत नाही?

---

पेशी_आणि_पान (सोलापूर)

तुम्ही पानाचं जे वर्णन केलंत ते पाठ्यपुस्तकात लावावं इतकं नेमकं आहे. हो, हा टू-फोर-डीचाच मार. द्राक्ष हे त्याला सगळ्यात हळव्या पिकांपैकी एक.

झाडाचं स्वतःचं ऑक्सिन ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनतं. फक्त दोन पायऱ्या. पहिल्या पायरीचं एन्झाइम ट्रिप्टोफॅनचं इंडोल पायरुविक आम्ल करतं. दुसऱ्या पायरीची एन्झाइमं 'युका' कुटुंबातली, ती त्याचं ऑक्सिन करतात. युकाची पायरी एकेरी आहे, तिथून परत फिरता येत नाही. म्हणून तिच्या आधीच अडवण्याची सोय आहे: मधला पदार्थ साठला तर तो पहिल्याच एन्झाइमची जागा अडवतो, आणि पहिली प्रतिक्रिया उलटी फिरून त्याचं पुन्हा ट्रिप्टोफॅनही होऊ शकतं. कुठल्या जनुकानं हुकूम देण्याचीही गरज नाही, रसायनातच लगाम आहे. मला स्वतःला हा भाग फार आवडतो.

तरीही ऑक्सिन जास्त झालंच तर जीएच-३ नावाची एन्झाइमं कामाला लागतात. ऑक्सिन वाढलं की काही मिनिटांत त्यांची जनुकं चालू होतात. ती ऑक्सिनला अ‍ॅस्पार्टिक किंवा ग्लुटामिक आम्ल जोडून टाकतात. असं जोडलेलं ऑक्सिन बिनकामाचं, त्याचं पुढं ऑक्सिडीकरण होतं आणि ते हिशेबातून जातं. शिवाय पेशीच्या पडद्यावरची वाहक प्रथिनं जादा ऑक्सिन बाहेर शेजारच्या पेशीकडं ढकलतात.

टू-फोर-डी हे माणसानं १९४० च्या दशकात घडवलेलं ऑक्सिनसारखं रसायन. ग्राहक त्याला ऑक्सिन समजून ओळखतो. पण जीएच-३ ला त्यावर नीट काम करता येत नाही, आणि बाहेर ढकलणारी वाहकंही त्याला धड हलवत नाहीत. पेशीत ते साठून राहतं आणि 'वाढ, वाढ' हा निरोप थांबत नाही. द्राक्षाच्या कोवळ्या पानात शिरांजवळच्या पेशी नको तशा वाढतात आणि शिरांमधलं पातं पसरायचं राहतं. तुम्ही बघितलंत ते हेच. जुनी पानं आपली वाढ संपवून बसलेली, त्यांना निरोप पोचला तरी करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

उसाचं, ज्वारीचं, गव्हाचं वेगळं. गवतकुळातली पिकं टू-फोर-डीच्या रेणूत फेरफार करून त्याला साखर जोडतात आणि लवकर निकामी करतात. त्यांच्यात ते फारसं लांब वाहूनही जात नाही. म्हणजे इथंही सवाल मोडण्याचाच आला. ज्याच्याकडं मोडणारं हत्यार आहे तो वाचला.

बागेचं म्हणाल तर मार हलका असेल तर पुढची फूट हळूहळू नीट निघते. झटपट नत्र देऊन ढकलू नका. आणि उसवाल्यांशी आधीच बोलून ठेवा: एस्टरचं रूप वाफ होऊन लांब जातं, त्यापेक्षा सोडियम किंवा अमाइन क्षार बरा. वारा बागेकडं असताना पंप उचलायचाच नाही.

---

बीएस्सी_अ‍ॅग्री_तिसरं_वर्ष

मॅम, एक जोडते. आम्हाला शिकवलं की उष्णता आणि सावलीसुद्धा या कारखान्याला हात घालतात. दाट पेरलेली रोपं उंच, बारीक होतात कारण शेजारच्या पानांमधून गाळून येणाऱ्या उजेडात तांबडा भाग कमी पडतो, रोपाला ते कळतं, आणि ऑक्सिन बनवणं वाढतं. ट्रिप्टोफॅनवरच्या पहिल्या एन्झाइमचं जनुक २००८ साली सापडलं ते सावलीत उंच न होणारी रोपं शोधतानाच ना? आणि तापमान थोडं वाढलं की पीआयएफ-४ नावाचं प्रथिन युकाचं जनुक चालू करतं.

---

पेशी_आणि_पान (सोलापूर)

अगदी बरोबर. तापमानाचे ते प्रयोग मोहरीकुळातल्या एका छोट्या रोपावर, २८-२९ अंशांवर झालेत. आपल्या मे महिन्याच्या ४२-४३ अंशांना ते जसंच्या तसं लावायचं नाही. तिथं झाड वाढीचा विचार सोडून जगण्याच्या मागे असतं.

---

मंगळवेढा_ज्वारी

आमच्या ज्वारीच्या कोठारातला प्रश्न. मालदांडी ज्वारी डोक्याच्या वर जाते, कडबा भरपूर. काही ठेंगणे वाण कमरेएवढेच. गव्हात हरितक्रांतीनं बुटके वाण आले तसंच हे जिबरेलिनचं काम का? आणि ठेंगण्या वाणाच्या रानात मधेच एखादं ताट भसकन उंच का निघतं? बियाणं भेसळीचं म्हणायचं का?

---

पेशी_आणि_पान (सोलापूर)

फार चांगला प्रश्न, आणि उत्तर तुम्हाला वाटतंय त्याहून वेगळं आहे.

गहू आणि भात हे जिबरेलिनचेच. कल्याणसोनासारख्या गव्हात डेला असा बदललाय की तो जिबरेलिननं मोडत नाही. हे जनुक १९९९ ला हाती लागलं. भाताच्या आयआर-८ मध्ये २०-ऑक्सिडेजच अधू आहे, म्हणजे बनवण्यातच कमतरता. ते २००२ ला कळलं. मेंडेलचा बुटका वाटाणाही याच घरातला. त्याच्यात ३-ऑक्सिडेज अधू आहे.

ज्वारीत मात्र ठेंगणेपणाच्या जनुकांपैकी एक, ड्वार्फ-३, ऑक्सिनशी संबंधित आहे, आणि तेही बनवण्याशी नाही तर वाहून नेण्याशी. शेंड्याकडून खाली ऑक्सिन नेणारं एक वाहक प्रथिन त्यात बिघडलेलं असतं. ऑक्सिन तयार होतं, पण खालच्या पेरांपर्यंत पुरेसं पोचत नाही, आणि ती पेरं आखूड राहतात. शेंडा आणि कणीस जवळजवळ नेहमीसारखं. २००३ साली हे उलगडलं. जगभरातल्या कितीतरी ठेंगण्या ज्वाऱ्यांत हाच बिघाड आहे.

आणि मधेच उंच निघणारं ताट! त्या बिघडलेल्या जनुकात झालंय असं की त्याचा ८८२ अक्षरांचा एक तुकडा लागोपाठ दोनदा आलाय. जनन पेशी बनताना कधी कधी जोडीतल्या रंगसूत्रांची गाठ थोडी सरकून पडते, आणि तो जादा तुकडा गळून जातो. जनुक पुन्हा धडधाकट, वाहक पुन्हा चालू, ताट उंच. म्हणजे प्रत्येक उंच ताट भेसळीचं नसतं.

ओळखायचं असेल तर असं करा. त्या ताटाचं कणीस फुलोऱ्यात येण्याआधी कागदी पिशवीत बांधा, म्हणजे परपरागण होणार नाही. दाणे वेगळे ठेवून पुढच्या रब्बीत एका ओळीत पेरा. जनुक दुरुस्त झालेलं ताट असेल तर चारांत साधारण तीन उंच आणि एक ठेंगणं निघेल, पण कणसाचा आकार, दाण्याचा रंग, पान सगळं त्या वाणासारखंच राहील. मालदांडीचा पराग लागून आलेलं असेल तर उंचीबरोबर कणीस, दाणा, फुलोऱ्याचे दिवस, सगळ्यातच फाटाफूट दिसेल.

---

मंगळवेढा_ज्वारी

पिशवी बांधतो ताई. रानात अशी दोन ताटं आत्ताच पोटरीत आहेत. पेरल्यावर ओळीचा फोटो इथंच टाकतो.